यंत्र थांबवणारा माणूस : अन्नकारखान्यातील निर्णय आणि त्याच्या कथा

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते. कुठेतरी भेसळीचा खवा पकडलेला असतो, सोबत अन्न व औषध प्रशासनाच्या पथकाचे छायाचित्र असते, जप्त मालाचे वजन आणि किंमत दिलेली असते. या बातमीत पात्रे दोनच : भेसळ करणारा आणि त्याला पकडणारा. पण आपल्या घरात येणाऱ्या अन्नातले बरेचसे या दोघांच्या हातून जात नाही. दूध, साखर, तेल, बिस्किटे, लोणची, पीठ हे सारे कुठल्या तरी कारखान्यात, कुठल्या तरी पाळीत, कुणाच्या तरी देखरेखीखाली तयार होते. हा ‘कुणीतरी’ सहसा सज्जन असतो, पगारदार असतो, आणि दिवसातून अनेकदा त्याच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो : हे पुढे जाऊ द्यायचे, की थांबवायचे?

या माणसाची गोष्ट कुणी सांगितली आहे का, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. व्यवस्थापनाची पुस्तके नेतृत्वाविषयी भरपूर बोलतात. त्यांतला नेता मात्र बहुधा काहीतरी उभारत असतो, बाजारपेठ जिंकत असतो किंवा बुडते जहाज वाचवत असतो. मला इथे वेगवेगळ्या जातींच्या संहिता शेजारी ठेवून पाहायच्या आहेत : एक अमेरिकन कादंबरी, एक हिंदी आणि एक मराठी चित्रपट, एक आत्मचरित्र, एक जाहीर माफी, एक चौकशी अहवाल आणि एक खटला. या साऱ्यांत अन्नकारखान्याचा व्यवस्थापक कुठे दिसतो आणि कुठे निसटतो, ते पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. अन्नकारखान्यातले नेतृत्व यंत्र थांबवण्याच्या क्षणी कसाला लागते. आपल्या कथांना मात्र आरंभाचे आणि अंताचे आकर्षण. त्यामुळे मधला हा माणूस त्यांच्या हातून सुटतो, आणि त्याच्याबरोबर एक महत्त्वाचा प्रश्नही सुटतो : थांबवण्याची किंमत मोजतो कोण?

या निर्णयाचे वेगळेपण आधी समजून घ्यायला हवे. पोलादाचा किंवा कापडाचा कारखाना आठ दिवस बंद पडला तर नुकसान होते, पण गोदामातले पोलाद आंबत नाही. अन्नाचे तसे नाही. दूध तासांच्या हिशेबाने फाटते. तोडलेल्या उसाचे वजन आणि त्यातली साखर दर दिवसाला घटते. मासळीचे तर विचारायलाच नको. म्हणजे इथे निर्णय पुढे ढकलणे हासुद्धा एक निर्णय ठरतो आणि त्याचे फळ लगेच नाकाला जाणवते. दुसरे असे, की इथली चूक डोळ्यांना दिसत नाही. साल्मोनेला किंवा लिस्टेरिया असलेला माल चांगल्या मालासारखाच दिसतो, तशीच चव देतो. प्रयोगशाळेचा निकाल यायला वेळ लागतो, आणि तोवर टँकर दारात उभा असतो. एकीकडे घड्याळ, दुसरीकडे न दिसणारा धोका, आणि दोहोंच्या मध्ये एक माणूस. नाटककाराला याहून अधिक काय हवे? तरीही हे नाट्य फारसे लिहिले गेले नाही.

पट्ट्याचा वेग

अन्नकारखान्यावरची सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’. ती १९०५ मध्ये एका समाजवादी साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १९०६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शिकागोच्या मांसप्रक्रिया कारखान्यांत राबणाऱ्या युर्गिस रुडकुस या लिथुआनियन स्थलांतरिताची ती कथा. तिचा परिणाम इतिहासात नोंदला गेला आहे : ३० जून १९०६ रोजी अमेरिकेत मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे झाले. सिंक्लेअर यांना मात्र याचे समाधान नव्हते. आपण लोकांच्या हृदयाला हात घालायला गेलो आणि नेम चुकून पोटाला लागला, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. कामगारांच्या हालांनी वाचक हलावा ही त्यांची इच्छा. वाचक हलला तो स्वतःच्या ताटातल्या मांसाच्या विचाराने.

या कादंबरीत आरंभीच एक प्रसंग आहे. डुकरांची धडे एकामागून एक सरकत असतात आणि एक सरकारी निरीक्षक गळ्याच्या गाठी चाचपून क्षयरोगाची तपासणी करत असतो. निरीक्षक मनमोकळा आहे. कुणी पाहुणा आला तर तो आनंदाने त्याच्याशी बोलत राहतो, आणि तेवढ्या वेळात डझनभर धडे हात न लागता पुढे निघून जातात. सिंक्लेअर यांनी इथे लाच दाखवलेली नाही, दुष्टपणाही दाखवलेला नाही. माणूस बोलत होता आणि पट्टा चालू होता, इतकेच. अन्नसुरक्षेची अवघी समस्या या एका चित्रात आहे. पुढे जाण्यासाठी कुणी काहीच करावे लागत नाही. थांबवण्यासाठी मात्र कुणीतरी काहीतरी करावे लागते.

परंतु इथून पुढे कादंबरी दुसऱ्या वाटेने जाते. पट्ट्याचा वेग वाढवला जातो, माणसे त्याखाली पिचतात, हे ती विलक्षण ताकदीने सांगते. तो वेग ठरवतो कोण, कुठल्या खोलीत, कुठल्या आकड्याकडे पाहून, हे ती सांगत नाही. तिच्यातले मुकादम आणि साहेब व्यवस्थेचे हात म्हणून येतात. त्या हातांना कधी कापरे भरते का, हा तिचा विषय नाही. कादंबरीचे राजकीय उद्दिष्ट पाहता ही निवड समजण्यासारखी आहे. पण तिची एक किंमत आहे. व्यवस्थापकाला माणूस म्हणून पाहिले नाही की त्याच्याकडून माणसासारखा निर्णय मागताही येत नाही. सारी जबाबदारी व्यवस्थेवर टाकली की व्यवस्थेतल्या प्रत्येकाची सुटका होते.

आणंद : नकारातून जन्मलेली संस्था

आता आपल्याकडे येऊ. अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रातली भारतातली सर्वांत मोठी यशोगाथा म्हणजे गुजरातमधल्या आणंदची. तिचा प्रारंभ यंत्र सुरू करण्यातून झाला नाही, दूध थांबवण्यातून झाला. मुंबईला दूध पुरवण्याचा मक्ता पोलसन या खासगी डेअरीकडे होता आणि खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना मिळेल तो भाव घ्यावा लागे. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी सभा झाली, मोरारजी देसाई तिला हजर होते, आणि शेतकऱ्यांनी डेअरीला दूध न घालण्याचे ठरवले. पंधरा दिवस दूध अडले. त्या वर्षाच्या डिसेंबरात खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली आणि त्रिभुवनदास पटेल यांचे नेतृत्व पुढे आले. नाशवंत मालाचा धनी जेव्हा माल अडवतो तेव्हा पहिला घाव त्याच्यावरच पडतो. म्हशीची धार थांबत नाही. या शेतकऱ्यांनी तो घाव सोसला, म्हणून पुढचे सारे घडले.

व्हर्गीस कुरियन १९४९ मध्ये आणंदला आले ते सरकारी क्रीमरीतले नोकर म्हणून, आणि तेही मनाविरुद्ध. ‘आय टू हॅड अ ड्रीम’ हे त्यांचे आत्मचरित्र २००५ मध्ये आले. आपण शेतकऱ्यांचे नोकर आहोत, असे कुरियन आयुष्यभर सांगत राहिले, आणि आत्मचरित्राचा गाभाही तोच आहे. पुस्तक वाचनीय आहे, मिश्कील आहे, आणि लढाऊ आहे. त्यातले बरेचसे प्रसंग नकाराचे आहेत. तज्ज्ञांना नकार, मंत्र्यांना नकार, परदेशी कंपन्यांना नकार. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही असे पाश्चात्त्य जाणकार सांगत असताना एच. एम. दलाया या त्यांच्या सहकाऱ्याने ती करून दाखवली, ही कथा त्यात अभिमानाने येते, आणि तो अभिमान रास्त आहे.

व्यवस्थापनाचे अभ्यासक या कथेत तंत्रज्ञानातले धाडस पाहतात. माझ्या मते तिच्यात त्याहून मोलाचे काही आहे. थंडीत म्हशींचे दूध भरपूर वाढते. मुंबईची दूध योजना हे सारे वाढीव दूध उचलू शकत नव्हती. म्हणजे ज्या संघाचा जन्म शोषणाविरुद्धच्या नकारातून झाला, त्या संघावरच आपल्या सभासदाचे चांगले दूध नाकारण्याची पाळी येत होती. १९५५ मध्ये सुरू झालेला भुकटीचा कारखाना हा या पेचाचा तोडगा होता. सभासदाने आणलेले चांगले दूध परत पाठवायचे नाही, हे आधी ठरले आणि यंत्र त्या निर्णयामागून आले. नेतृत्वाच्या दृष्टीने हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी कारखाना उभारून मग त्याला पोसण्यासाठी दूध गोळा करत हिंडणारे प्रकल्प आपण पुष्कळ पाहिले आहेत.

आत्मचरित्राची मर्यादा मात्र इथेच दिसते. त्यातले नकार बाहेरच्या बलवानाला दिलेले आहेत. तसे नकार सांगायला सोपे असतात, कारण त्यांत सांगणाऱ्याचे शौर्य आपोआप दिसते. पण दूधसंस्थेच्या कट्ट्यावर रोज पहाटे दुसराच एक नकार दिला जातो. आंबूस वास येणारा कॅन सचिव बाजूला ठेवतो. समोर बलवान कुणी नसतो. शेजारची एखादी बाई असते आणि त्या दुधाच्या पैशांवर तिची संध्याकाळची चूल अवलंबून असते. या नकारात कसले शौर्य नाही, फक्त वाईटपणा आहे. शहरातल्या मुलाच्या पेल्यातले दूध चांगले राहते ते मात्र या वाईटपणामुळे. आत्मचरित्र हा साहित्यप्रकार नायकाला केंद्रात ठेवतो. कट्ट्यावरचा सचिव त्याच्या परिघावर राहणार, हे ओघानेच आले.

एका लेखकाचे दोन सहकार

हा कट्टा पडद्यावर आणला तो श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ने. १९७६ च्या या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, हे सर्वज्ञात आहे. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे मराठी वाचकाला आवर्जून आठवावे. याच दशकात तेंडुलकरांनी जब्बार पटेल यांच्यासाठी ‘सामना’ लिहिला. एक दूधसंघाची कथा, दुसरी साखरसम्राटाची. एकाच लेखकाने सहकाराचे दोन चेहरे इतक्या जवळजवळच्या काळात रंगवले, याकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

‘मंथन’मधला डॉ. राव (गिरीश कर्नाड) गावात येतो, दूध तपासतो, फॅटनुसार भाव मिळायला हवा असे सांगतो. मिश्रा हा खासगी डेअरीमालक (अमरीश पुरी) इतकी वर्षे स्वतःच मापत आला आहे आणि स्वतःच भाव ठरवत आला आहे. तपासणी हे शोषणाचे हत्यारही असू शकते, ही या चित्रपटाची मोठी जाण आहे. फॅट कमी आहे, असे एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने ऐकून घ्यायचे, यात तपासणी कुठे असते? दूध घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नमुना काढला, आम्ल घातले, नळी फिरवली आणि आकडा त्याला दाखवला, की तीच कृती न्यायाची होते. म्हणजे थांबवण्याचा अधिकार पुरेसा नसतो. तो उघड्यावर वापरावा लागतो. कारखान्यातल्या गुणवत्ता विभागाच्या बंद दाराआड होणारा नकार आणि कट्ट्यावर चारचौघांत होणारा नकार यांत हाच फरक आहे.

चित्रपटाचा शेवटही विचार करण्याजोगा आहे. रावची बदली होते. भोला (नसीरुद्दीन शाह) त्याला गाठायला स्टेशनाकडे धावतो, पण गाडी निघून जाते. संस्था मात्र गावकऱ्यांच्या हाती चालू राहते. ज्या काळात पडद्यावरचा नायक एकट्याने सारे सोडवत होता, त्या काळात या चित्रपटाने आपला नायक गाडीत बसवून परत पाठवला. नेता गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे कट्टा उघडला का, हीच नेतृत्वाची परीक्षा, असे तो सुचवतो. रावच्या चुका तो लपवत नाही. गावातली जात रावला उशिरा कळते, आणि सरपंचाचा पराभव हा केवळ निवडणुकीचा निकाल नसून अपमान आहे हे त्याच्या लक्षात येईपर्यंत वेळ गेलेली असते.

‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) याच्या नेमका उलट. त्याच्या साम्राज्यात सारे चालू आहे आणि काहीही थांबत नाही. मारुती कांबळे नावाचा एक माणूस मात्र नाहीसा झाला आहे. श्रीराम लागूंचा मास्तर पुनःपुन्हा त्याच्याविषयी विचारतो, आणि या विचारण्यानेच त्या सुरळीत यंत्रात खडा पडतो. मराठी प्रेक्षकाने या संघर्षाकडे सत्ता विरुद्ध विवेक असे पाहिले आणि ते योग्यच होते. पण आपल्या विषयाच्या अंगाने पाहिले तर मास्तर हा बाहेरून आलेला थांबवणारा आहे. आतला कुणी थांबवू शकत नाही, म्हणून बाहेरच्याला यावे लागते. कारखाना या चित्रपटात सत्तेचे चिन्ह म्हणून येतो, अन्नप्रक्रियेचे ठिकाण म्हणून नाही.

आणि खरी उणीव इथे आहे. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांची परंपरा १९५० च्या सुमारास लोणीच्या प्रवरा कारखान्यापासून सुरू झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अध्यक्षपदी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, ही त्या आरंभाची जोडी. साखरसम्राट आपल्या साहित्यात, चित्रपटांत, वगनाट्यांत मुबलक आले. चीफ केमिस्ट, शेती अधिकारी, कार्यकारी संचालक मात्र जवळजवळ आलेच नाहीत. गळीत हंगाम ऐन भरात असताना बॉयलरमध्ये काही वेगळे जाणवले तर गाळप थांबवायचे का? थांबवले तर गव्हाणीबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग लागते. रांगेतला ऊस वाळतो, उतारा घसरतो, अध्यक्षांचा फोन येतो. सर्वांत आधी बसते ती ऊसतोडणीची टोळी. टोळीला पैसे टनावर मिळतात. कारखाना बंद म्हणजे कोयता बंद, आणि कोयता बंद म्हणजे उचल फिटण्याचा दिवस लांबला. न थांबवावे तर बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसांचा जीव टांगणीला. हा निर्णय घेणारा अधिकारी खलनायकही नसतो आणि नायकही नसतो. कदाचित म्हणूनच आपल्या लेखकांना तो दिसला नसावा.

माफी आणि अहवाल

कथांनी जे सांगितले नाही ते कधीकधी कागदपत्रे सांगतात. ऑगस्ट २००८ मध्ये कॅनडातल्या मेपल लीफ फूड्स या कंपनीच्या टोरांटोतल्या कारखान्यातून गेलेल्या मांसाच्या कापांमुळे लिस्टेरियाची साथ पसरली. २२ माणसे दगावली. त्यांत रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत राहणारी वयोवृद्ध माणसे अधिक होती. कंपनीचे प्रमुख मायकल मॅककेन यांनी कॅमेऱ्यासमोर येऊन सरळ माफी मागितली. या काळात आपण वकिलांचे आणि हिशेबनिसांचे ऐकायचे नाही असे ठरवले, अशा आशयाचे त्यांचे विधान गाजले. त्या कारखान्यातला सारा माल परत मागवला गेला. तेव्हापासून संकटकाळातल्या नेतृत्वाचा नमुना म्हणून ही माफी व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवली जाते.

माफी मनापासूनची होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण तिच्या शेजारी दुसरी संहिता ठेवायला हवी. कॅनडा सरकारने नेमलेल्या चौकशी अधिकारी शीला वेदरिल यांचा अहवाल जुलै २००९ मध्ये आला. त्यातली एक बाब माझ्या दृष्टीने माफीपेक्षा जास्त बोलकी आहे. साथीच्या आधीचे कित्येक महिने त्या कारखान्यातल्या काही ओळींवर लिस्टेरिया अधूनमधून सापडत होता. दर वेळी त्या जागेची सफाई होई, पुढचे नमुने स्वच्छ येत आणि काम सुरू राही. हे सुटे निकाल एकत्र मांडून त्यांचा कल कुणी पाहिला नाही. जंतू काप करणाऱ्या यंत्रांच्या आत खोल जागी बसलेला होता, नेहमीची सफाई जिथे पोचत नव्हती.

इथे कुणी खोटे बोलले नव्हते, कुणी कागद बदलले नव्हते. प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे जे करायचे ते झाले होते. तरीही ‘हे तिसऱ्यांदा का होते आहे?’ असे विचारून यंत्र खोलायला लावणारा माणूस त्या मधल्या महिन्यांत पुढे आला नाही. तसे करणे म्हणजे ओळ बंद ठेवणे, आणि समोर तर स्वच्छ निकालाचा कागद होता. माफी ही अंताची संहिता आहे. तिच्यात एक चेहरा असतो, गहिवर असतो, क्षमा मागणारा आणि ऐकणारा असतो. अहवाल ही मधल्या काळाची संहिता. तिच्यात नायक नसतो, तक्ते असतात. व्यवस्थापनाच्या वर्गाने माफी निवडली, यात नवल नाही. पण शिकण्यासारखे जास्त आहे ते अहवालात.

याच सुमारास अमेरिकेत घडलेले दुसरे प्रकरण याहून काळे आहे. पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या जॉर्जियातल्या ब्लेकली इथल्या कारखान्यातून शेंगदाण्याचे लोणी आणि भरड अनेक कंपन्यांना जात असे. २००८-०९ च्या साल्मोनेला साथीत सातशेहून अधिक माणसे आजारी पडल्याची नोंद झाली आणि नऊ मृत्यू झाले. खटल्यात बाहेर आले ते असे : प्रयोगशाळेचे निकाल येण्यापूर्वीच माल रवाना होत होता, आणि गुणवत्तेची प्रमाणपत्रे बनावट होती. कंपनीचा प्रमुख स्टुअर्ट पार्नेल याला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. अन्नसुरक्षेच्या गुन्ह्यात इतकी मोठी शिक्षा तिथे आधी झाली नव्हती. पण याच खटल्यात कारखान्याच्या व्यवस्थापकाने गुन्हा कबूल करून साक्ष दिली आणि त्यालाही तुरुंगवास झाला. गुणवत्ता विभागाच्या व्यवस्थापिकेला तपासात अडथळा आणल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली.

आपल्या लेखाचा नायक, म्हणजे मधला माणूस, इथे पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलताना दिसतो. पण तो आरोपीच्या पिंजऱ्यातून. माल पाठवा, हा आदेश वरून येतो. निकाल आलेला नाही, हे खालच्याला ठाऊक असते. सही मात्र खालच्याची असते.

ही सही हा आपल्याकडच्याही कायद्याचा विषय आहे. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ याच्या कलम ६६ प्रमाणे कंपनीला आपल्या प्रत्येक कारखान्याच्या अन्नसुरक्षेसाठी एका जबाबदार व्यक्तीचे नाव देता येते. तिथे नियमभंग झाला तर ती व्यक्ती उत्तरदायी ठरते. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यातही अशी सोय होती. कायद्याचा हेतू चांगला आहे : जबाबदारीला चेहरा असावा. पण ज्याचे नाव कागदावर आहे त्याला रात्री दोन वाजता, कुणालाही न विचारता, ओळ बंद करता येते का? त्याने बंद केली तर महिनाअखेरीच्या बैठकीत त्याला काय ऐकावे लागते? अधिकार नसताना जबाबदारी देणे म्हणजे नेतृत्व सोपवणे नव्हे. तो बळीचा बकरा आधीच बांधून ठेवणे झाले.

झडप आणि माणूस

दूध कारखान्यात या प्रश्नाचे एक सुंदर यांत्रिक उत्तर आहे. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पंधरा सेकंद त्या तापमानाला ठेवतात. ज्या नळीत ते ठेवले जाते तिच्या शेवटी एक झडप असते. दूध पुरेसे तापलेले नसेल तर झडप आपोआप वळते आणि ते दूध पुढे न जाता परत मागे येते. ती झडप कुणाला घाबरत नाही. टँकर उभा आहे, साहेब चिडले आहेत, सणाची मागणी आहे, यातले काही तिला कळत नाही.

या झडपेमागे जे तत्त्व आहे त्याचीच पुढे एक पद्धत झाली. १९५९ नंतर अंतराळवीरांचे अन्न तयार करताना पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकन सैन्याची प्रयोगशाळा यांनी मिळून ती घडवली. आज जगभरच्या अन्नकारखान्यांत ती ‘हॅसप’ या आद्याक्षरी नावाने चालते. तिचे सार एका वाक्यात सांगता येईल : गर्दीच्या वेळी जो निर्णय घ्यावा लागेल तो निवांतपणी घेऊन ठेवायचा. धोका कुठे शिरू शकतो, तो कुठल्या टप्प्यावर अडवायचा, मर्यादेचा आकडा कोणता, मर्यादा ओलांडली तर काय करायचे, हे सारे आधी लिहून ठेवायचे. मग त्या क्षणी वाद घालायचा नाही. आणंदच्या मंडळींनी चांगले दूध परत पाठवायचे नाही असे आधी ठरवून मागून कारखाना उभारला, त्यातही हेच शहाणपण होते.

पण इथे एक सावधगिरी हवी. झडपेचा तापमापक बरोबर दाखवतो की नाही, हे पाहणारा माणूसच असतो. झडप सारखी वळते आहे म्हणून तिला बांधून टाकायची, की वरची यंत्रणा दुरुस्त करायची, हेही माणूसच ठरवतो. ब्लेकलीत प्रमाणपत्रे होती, टोरांटोत सफाईच्या नोंदी होत्या. कागद दोन्हीकडे होता. एकीकडे त्यावर खोटे लिहिले गेले, दुसरीकडे त्यावरचे खरे कुणी एकत्र वाचले नाही. निर्णय आधी घेऊन ठेवता येतो, पण लक्ष आधी देऊन ठेवता येत नाही. शिकागोतला तो गप्पिष्ट निरीक्षक अजून आपल्यात आहे. त्याच्या हातात आता सुरीऐवजी नोंदवही आहे, इतकेच.

मग अन्नकारखाना चालवणाऱ्याचे नेतृत्व कशात पाहायचे? या साऱ्या संहिता शेजारी ठेवल्यावर मला तीन गोष्टी दिसतात. थांबवणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हे त्याने आधी आणि सर्वांसमक्ष सांगून ठेवलेले असते. नकार उघड्यावर आणि पुराव्यानिशी दिला जाईल, याची त्याने सोय केलेली असते. आणि थांबवण्याचा तोटा सर्वांत दुबळ्याच्या पदरात, मग ती दूध घालणारी बाई असो, तोडणीची टोळी असो वा रोजंदारीवरची कामगार असो, एकटीच्या पदरात पडणार नाही, हे त्याने पाहिलेले असते. यातली तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. ती नसेल तर पहिल्या दोन टिकत नाहीत, कारण ज्याची चूल त्या कॅनवर आहे तो उद्या दुधात काहीतरी मिसळून वास लपवायला शिकेल. भेसळीच्या बातमीतला तो पहिला माणूस अनेकदा असाच घडतो.

साहित्याने काय करावे हे सांगण्याचा अधिकार समीक्षकाला नाही, पण काय राहून गेले आहे ते तो दाखवू शकतो. आपल्या कथांनी शेतकरी पाहिला, कामगार पाहिला, सम्राट पाहिला. आता रात्रपाळीतला तो सुपरवायझर पाहायला हवा. निकाल यायला अजून तास आहेत, ट्रकचा ड्रायव्हर भोंगा वाजवतो आहे, फोन साहेबांच्या नावाने थरथरतो आहे, आणि त्याचा हात लाल बटणापाशी आहे. त्याने बटण दाबले तर बातमी होणार नाही. कुणी आजारी पडणार नाही, म्हणून कुणाला काही कळणारही नाही. फराळाचे ताट पुढे येईल तेव्हा आपल्याला त्याचे नावही ठाऊक नसेल.